नंतर आलेल्या चेकबॉक्सचा मागोवा

महाभूलेखवर काटोल तालुक्यातल्या गावाचा सातबारा पाहायचा तर आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव निवडावं लागतं. तालुका ठरेपर्यंत गावांची यादी पडद्यावर नसतेच, ती मागाहून येते. अशा मागाहून येणाऱ्या याद्यांनी वेब प्रोग्रामरांना बरीच वर्षं छळलं, आणि त्यात चेकबॉक्सनं जरा जास्तच.

१९९५च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झालेल्या एचटीएमएल २.० मध्ये चेकबॉक्स होता. जावास्क्रिप्टची घोषणा त्याच डिसेंबरातली. तेव्हा पान सर्व्हरकडून अख्खं यायचं, त्यामुळे अडचण नव्हती. फेब्रुवारी २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी ‘अजाक्स’ हे नाव रूढ केलं आणि पान न बदलता त्याचा एखादा तुकडाच बदलण्याची लाट आली. पुढच्याच वर्षी जॉन रेसिग यांची जेक्वेरी ही जावास्क्रिप्ट लायब्ररी आली.

समजा, काटोलच्या संत्रा बागायतदारांसाठी एक अर्ज केला आहे. गाव निवडलं की गट क्रमांक येतात, प्रत्येकापुढे चेकबॉक्स. टिक केली की खालची हेक्टरची बेरीज बदलायला हवी. पान उघडताच ‘सगळ्या चेकबॉक्सवर चेंज इव्हेंट ऐक’ हा आदेश चालून जातो, पण त्या क्षणी पानावर चेकबॉक्स एकही नसतो. जेक्वेरी रिकाम्या निवडीबद्दल तक्रार करत नाही. मग गट येतात, शेतकरी टिक करतो आणि बेरीज शून्यावरच राहते. कुठेही लाल अक्षरात चूक दिसत नाही, हाच यातला खरा त्रास. काहीजण यादी आली की आदेश पुन्हा चालवत. मग दुसऱ्या गावाचे गट पहिल्याच्या खाली जोडले गेले की जुन्या चेकबॉक्सवर इव्हेंट ऐकणारे दोन हँडलर बसत आणि दोन हेक्टरचे चार होत.

उपाय ब्राउझरमध्येच होता. चेकबॉक्सवर घडलेला इव्हेंट तिथंच थांबत नाही. तो ओळीकडे, तक्त्याकडे, थेट डॉक्युमेंटपर्यंत वर चढतो. म्हणून कायम पानावर असणाऱ्या तक्त्यावर एकच हँडलर लावायचा आणि इव्हेंट कोणत्या चेकबॉक्सवरून आला ते टार्गेटवरून ओळखायचं. नोव्हेंबर २००० च्या डॉम लेव्हल २ इव्हेंट्स या मानकात ही व्यवस्था स्पष्ट लिहिलेली आहे.

मग हा उपाय सहज वापरता यायला दहा वर्षं का लागली? मोठं कारण इंटरनेट एक्सप्लोरर. आठव्या आवृत्तीपर्यंत त्यात चेंज वर चढतच नसे, आणि चेकबॉक्सवरून फोकस हलल्याशिवाय घडतही नसे. जानेवारी २००९ च्या जेक्वेरी १.३ मध्ये ‘लाइव्ह’ आलं, पण चेंजसाठी ते चालत नव्हतं. ती सोय १.४ नं २०१० मध्ये दिली. ‘लाइव्ह’ सगळं ऐकायचं डॉक्युमेंटच्या टोकावर, हे अवजडच होतं. १.४.२ सोबत आलेल्या ‘डेलिगेट’मुळे हवा तो तक्ता नेमता येऊ लागला, नोव्हेंबर २०११ मध्ये १.७ नं तीच सोय ‘ऑन’मध्ये आणली, आणि २०१३ मध्ये १.९ नं ‘लाइव्ह’ काढून टाकलं. हा निर्णय योग्यच होता.

एक खाचखळगा मात्र आजही आहे. ‘सगळे निवडा’ दाबल्यावर कोडनं बाकीच्या चेकबॉक्सवर टिक लावली, तर त्यांचा चेंज इव्हेंट घडत नाही. बेरीज करणारं फंक्शन तिथं स्वतःहून बोलवावं लागतं.

शेतकऱ्यांसाठी असे अर्ज बांधणाऱ्यांनी ते लोकांच्या हाती देण्याआधी एवढं जरूर करून पाहावं: गाव बदलावं, नवी यादी येऊ द्यावी, टिक लावावी, काढावी, ‘सगळे निवडा’ दाबावं आणि दर वेळी खालची बेरीज तपासावी.