मार्मी रोज चिडायची!

नवरा युद्धावर, हाती पैसा बेताचा, पदरी चार मुली. मेग, ज्यो, बेथ आणि एमी यांची आई मार्मी आपल्याला भेटते ती अशी. लुइझा मे अल्कॉटची ‘लिटल वुमेन’ ही कादंबरी बॉस्टनमध्ये १८६८ आणि १८६९ अशी दोन भागांत आली. मराठीत शांता शेळके यांनी ती ‘चौघीजणी’ या नावाने आणली. मार्मी म्हटलं की शांत, सोशिक, सदा हसतमुख माउली डोळ्यांपुढे येते. पण पुस्तक नीट वाचा. ती याहून कितीतरी तिखट आहे आणि ज्या बाईवरून ती घडली, ती तर आणखीच.

उपदेश नाही, सुट्टी!

उन्हाळ्यात मुली म्हणतात, आता काही म्हणजे काही काम करायचं नाही. दुसरी आई व्याख्यान झोडेल. मार्मी म्हणते, बघा आठवडाभर करून. मुली लोळतात, कंटाळतात, भांडतात, पण हार मानत नाहीत. शनिवारी मार्मी घरकाम करणाऱ्या हॅनालाही सुट्टी देते, स्वतः खोलीत बसून राहते आणि जेवायला बाहेर निघून जाते! स्वयंपाकघर ज्योच्या ताब्यात. अ‍ॅस्परॅगस तासभर उकळून त्याचे शेंडे गळून पडतात आणि देठ मात्र कडकच राहतात. पाव करपतो. स्ट्रॉबेरीवर साखर म्हणून मीठ पडतं, वरची साय आंबलेली निघते. त्यात नेमक्या त्याच दिवशी आगंतुक पाहुण्या बाई हजर! हसून हसून वेळ निभावते. पण त्याच आठवड्यात दाणापाणी द्यायचं विसरल्यामुळे बेथची कॅनरी पिंजऱ्यात मरून पडते. रात्री मार्मी मुलींना जवळ घेऊन सांगते, की हे सगळं तिने मुद्दाम होऊ दिलं. मला हे प्रकरण फार मोलाचं वाटतं. मुलांना पडू देण्याचं धाडस असलेल्या आया कादंबऱ्यांत तरी कितीशा भेटतात?

चाळीस वर्षांचा राग

एमी चिडून ज्योच्या कथांची वही जाळून टाकते. ज्यो तिच्याशी बोलणं सोडते आणि दुसऱ्या दिवशी नदीवर स्केटिंग करताना बर्फ पातळ झाल्याचं कळूनही तिला सांगत नाही. बर्फ फुटतो, एमी गोठणाऱ्या पाण्यात पडते आणि थोडक्यात वाचते. त्या रात्री ज्यो आईपुढे रडते: माझा हा संताप कधी जाणार? मार्मी तिला सांगते, की तिचाही स्वभाव असाच आहे. चाळीस वर्षं ती तो बदलायला झटते आहे आणि एवढ्या काळात फक्त ताबा ठेवणं जमलं आहे. आयुष्यातला जवळजवळ प्रत्येक दिवस तिला राग येतो.

ज्यो थक्क होते. आईचा तोल जातोय असं दिसलं की वडील ओठांवर बोट ठेवत आणि आई खोलीबाहेर निघून जाई, हे तिने पाहिलेलं असतं. त्याचा अर्थ तिला त्या रात्री लागतो. एकोणिसाव्या शतकात मुलींसाठी लिहिलेल्या पुस्तकात आईने मुलीपुढे स्वतःचा राग असा उघड करावा, ही मोठी गोष्ट आहे. मार्मीचं शहाणपण खरं वाटतं ते यामुळेच. ते तिला फुकट मिळालेलं नाही.

खरी मार्मी कोण?

लुइझाची आई अ‍ॅबिगेल मे अल्कॉट (१८००–१८७७). भाऊ सॅम्युअल गुलामगिरीविरोधी चळवळीतला नावाजलेला धर्मोपदेशक, आणि ही बहीण त्याच्या तोडीची. कॉन्कॉर्डच्या घरात तिने पळून आलेल्या गुलामाला आसरा दिला. १८४८च्या सुमारास बॉस्टनमध्ये गरिबांसाठी पगारी काम धरलं. शहरातल्या पहिल्या पगारी समाजसेविकांमध्ये तिचं नाव घेतात. १८५३मध्ये बायकांना मताचा हक्क मागणाऱ्या अर्जावर तिची सही होती.

कादंबरीत नाताळच्या सकाळी मार्मीचं मार्च कुटुंब आपली न्याहारी उचलून गरीब हमेल कुटुंबाकडे नेतं. हे वाचताना गोड वाटतं, पण अल्कॉट कुटुंबाला अशा मदतीची किंमत मोजावी लागली होती. अ‍ॅबिगेलने गरीब स्थलांतरितांना जेवू घातलं आणि १८५०मध्ये घरात देवी आल्या. पुढे अशाच एका गरीब घरातून तिच्या धाकट्या दोन मुलींना स्कार्लेट फीवर लागला. त्यातली लिझी पुरती सावरलीच नाही आणि १८५८मध्ये गेली. तीच पुस्तकातली बेथ.

आणि नवरा?

ब्रॉन्सन अल्कॉट तत्त्वज्ञ होता आणि पैसे मिळवणं त्याला जमत नसे. १८४३मध्ये त्याने मित्रासोबत ‘फ्रूटलँड्स’ नावाची आदर्श वसाहत काढली. मांस नाही, दूध नाही, लोकरसुद्धा नाही. बार्लीचं पीक कापून पडलेलं, वादळ चढून आलेलं आणि पुरुषमंडळी विचारांचा प्रचार करायला गावोगाव! अ‍ॅबिगेलने मुलांना हाताशी घेऊन ते पीक आत आणलं. साताठ महिन्यांत वसाहत बंद पडली. लुइझाने पुढे त्यावर खुसखुशीत कथा लिहिली. त्या कथेत ओझ्याचं जनावर कुठे आहे या प्रश्नाला उत्तर मिळतं ते घरातल्या बाईकडे बोट दाखवून.

कादंबरीत वडील युद्धावर जातात; प्रत्यक्षात गेली ती लुइझा. १८६२च्या डिसेंबरात ती परिचारिका म्हणून वॉशिंग्टनजवळच्या जॉर्जटाउनच्या इस्पितळात रुजू झाली आणि टायफॉइड घेऊन परतली. कादंबरीत आजारी वडिलांकडे निघालेल्या आईच्या प्रवासासाठी ज्यो केस विकते, तिला पंचवीस डॉलर मिळतात. लुइझाचे केस गेले ते त्या तापात.

आईने दिलेलं पेन

चौदाव्या वाढदिवसाला अ‍ॅबिगेलने लुइझाला एक पेन दिलं, सोबत स्वतः रचलेल्या काही ओळी. १८५४च्या नाताळात लुइझाने आपल्या पहिल्या पुस्तकाची पहिली प्रत आईच्या मोज्यात ठेवली. त्या पुस्तकाचे तिला मिळाले ३२ डॉलर.

एका गोष्टीची मात्र मला मनापासून हळहळ वाटते. अ‍ॅबिगेल गेल्यावर तिच्या बऱ्याच डायऱ्या आणि पत्रं घरच्यांनीच नष्ट केली. वाचलेले कागद सॅम्युअलच्या वंशातल्या इव्ह लाप्लांट यांनी २०१२मध्ये पुस्तकरूपात आणले.

लग्न? घाई नको

मुलींची लग्नं हे त्या काळी आईचं मुख्य काम. मार्मी बजावते, की दुःखी बायको होण्यापेक्षा सुखी अविवाहिता बरी. लुइझाने लग्न केलंच नाही.

पडद्यावरच्या मार्मी

१९३३मध्ये स्प्रिंग बायिंग्टन, १९४९मध्ये मेरी अ‍ॅस्टर. अ‍ॅस्टर म्हणजे ‘द मॉल्टीज फाल्कन’मधली ती घातकी सुंदरी, आणि आठ वर्षांनी चार मुलींची आई! १९९४मध्ये सुझन सॅरंडन. २०१९मध्ये ग्रेटा गर्विगच्या चित्रपटात लॉरा डर्न आली आणि रोज येणाऱ्या रागाची ती कबुली तिने पडद्यावर दिली. त्याच मोसमात डर्नला ऑस्करही मिळालं, पण ते मार्मीसाठी नव्हे. ‘मॅरेज स्टोरी’मध्ये तिने रंगवलेल्या, घटस्फोटाचे खटले लढवणाऱ्या वकीलबाईसाठी!