बारा शनिवार आणि एक सामना

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो खेळ पायांपेक्षा हातांनीच अधिक खेळला जातो, आणि वैनगंगा दुथडी भरून वाहते त्या दिवसांत, म्हणजे ऑगस्टच्या अखेरीस, सुरू होणारा त्याचा महाविद्यालयीन हंगाम जानेवारीपर्यंत चालतो. या हंगामाचे मूळ शेजाऱ्यांच्या चुरशीत आहे, कारण रटगर्स आणि प्रिन्स्टन या न्यू जर्सीतील दोन शेजारी संस्था 6 नोव्हेंबर 1869 रोजी एकमेकींविरुद्ध उतरल्या आणि रटगर्सने 6-4 असा जिंकलेला तो सामना या खेळाचा पहिला महाविद्यालयीन सामना मानला जातो.

खेळाचा गाभा 'डाउन' या कल्पनेत आहे. चेंडू ताब्यात असलेल्या संघाला चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड, म्हणजे सुमारे नऊ मीटर, पुढे सरकावे लागते आणि यातील प्रत्येक प्रयत्नाला डाउन म्हणतात. तीन डाउनमध्ये आठच यार्ड मिळाले, तर उरलेले दोन यार्ड अंगाच्या रेट्याने मिळवायचे की चेंडू लांब लाथाडून प्रतिस्पर्ध्याला त्याच्या टोकाकडे ढकलायचे, हे काही क्षणांत ठरवावे लागते. असा निर्णय चुकतो, सामना हातचा जातो, तरी पुढचा शनिवार असतोच, कारण वरच्या श्रेणीतील संघाला नियमित हंगामात साधारण बारा सामने मिळतात.

मध्य प्रदेशातील बालाघाटच्या महाविद्यालयांत मात्र फुटबॉल म्हणजे पायांनी खेळायचा फुटबॉल. तेथे महाविद्यालयाकडून विद्यापीठाच्या संघात, तेथून पश्चिम विभागात आणि पुढे अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत अशी चढण असते. परंतु स्पर्धा बाद पद्धतीने, म्हणजे हरणारा बाहेर अशा नियमाने झाली, तर पहिल्याच पराभवाबरोबर महाविद्यालयाचे वर्ष आटोपते. वर्षभर पहाटे सराव करणाऱ्या मुलांना नव्वद मिनिटांत घरी पाठवणे हा त्यांच्यावर अन्यायच आहे. प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळण्याची साखळी पद्धत सर्वत्र परवडणारी नाही, हे खरे; पण बालाघाटाला महाराष्ट्रातील गोंदियाचा शेजार जवळ आहे. ब्रिटिश काळातील मध्य प्रांतात बालाघाट जिल्हा नागपूर विभागात होता आणि 1923 मध्ये स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातही होता. आता बालाघाट छिंदवाड्याच्या राजा शंकर शाह विद्यापीठाकडे आहे आणि गोंदिया नागपूरकडेच राहिले आहे, त्यामुळे चाळीसेक किलोमीटरवरच्या या दोन गावांच्या महाविद्यालयांनी मैत्रीपूर्ण सामना खेळला, तरी तो कोणत्याच विद्यापीठाच्या हंगामात धरला जात नाही.