बुलेटचा काटा

जुन्या बुलेटला किक मारण्याआधी काटा बघायचा असतो. हेडलाइटच्या धातूच्या कवचावर, स्पीडोमीटरजवळ, एक छोटं अ‍ॅमीटर बसवलेलं असतं. चावी फिरवल्यावर त्याचा काटा वजाच्या खुणेकडे कलला, तर इग्निशनचे पॉइंट (करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) मिटलेले आहेत आणि कॉइलमधून करंट वाहतोय असं समजायचं. मग किकवर पाय ठेवून इंजिन सावकाश फिरवायचं. पॉइंट उघडले की काटा मध्यावर येतो. पिस्टन दाबाच्या टोकाशी आलेला असतो. डिकॉम्प्रेशनची लिव्हर ओढून किक आणखी थोडी खाली न्यायची, लिव्हर सोडायची, किक वर येऊ द्यायची, आणि मग एकच सणसणीत किक.

अलिबागजवळच्या चौलमधल्या एका वाडीत बरीच वर्षं उभ्या असलेल्या बुलेटला आम्ही नवी बॅटरी लावली आणि चावी फिरवली, तेव्हा हा काटा जागचा हलला नाही. तिथपासून प्लगवर ठिणगी पडेपर्यंत तिच्यात जे जे सापडलं, ते या किनाऱ्यावरच्या बहुतेक जुन्या गाड्यांत थोड्याफार फरकाने सापडतं.

बुलेट मूळची इंग्लंडातल्या रेडिचच्या रॉयल एनफील्डची. 1955 साली मद्रासमध्ये एनफील्ड इंडिया उभी राहिली आणि पुढे तिरुवोत्तियूरच्या कारखान्यात तिचे सुटे भागही घडू लागले. 1970 मध्ये मूळ इंग्लिश कंपनीचं उत्पादन थांबलं. मद्रासची गाडी मात्र तशीच बनत राहिली, आणि 1977 पासून ती इंग्लंडलाच निर्यात होऊ लागली. 346 सीसी, 70 मिलिमीटरचा बोअर, 90 मिलिमीटरचा स्ट्रोक, एकच सिलिंडर. विजेची मांडणी इतकी साधी की शाळेच्या वहीच्या एका पानावर काढता येते. सुरुवातीच्या गाड्या सहा व्होल्टच्या, नंतरच्या बारा व्होल्टच्या. आमची बारा व्होल्टची होती.

मालक काका एके काळी याच गाडीवरून सुपारीची पोती अलिबागला नेत. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळलं, वाड्यांतल्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या, पडवीचे पत्रे गाडीवर आले. पत्रे काढले गेले, पण बाग सावरण्याच्या धांदलीत गाडीकडे बघायला कुणाला सवड झाली नाही. वादळाने तिला फारसं काही केलं नव्हतं. खरं नुकसान वाऱ्याने केलं, तेही हळूहळू. रेवदंड्याच्या कोटाचे दगड या खाऱ्या वाऱ्यापुढे झिजले, तिथे तांब्याच्या केसाएवढ्या तारांची काय कथा! मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं. तो ओला थर पितळी जोडांवर बसला की गाडी उभी असतानाही आतल्या आत धातू खाण्याचं काम चालू राहतं.

काटा का हलला नाही, हे शोधताना मल्टिमीटरने पहिल्यांदा दिशाभूल केली. बॅटरीवर 12.6 व्होल्ट दिसत होते, ते ठीकच. पण बॅटरीचा धन आणि गाडीची चासी यांच्यामध्येही मीटर जवळजवळ तेवढाच आकडा दाखवत होता. वरवर पाहता अर्थिंग शाबूत! मीटरला मोजण्यापुरता अगदी नगण्य करंट लागतो आणि तेवढा गंजातूनही जातो. त्याच दोन टोकांना हेडलाइटचा बल्ब लावला, तर तो मिणमिणलासुद्धा नाही. बॅटरीची अर्थची वायर चासीला जिथे बोल्टने बसते, तिथे कुणीतरी रंग मारला होता आणि रंगाखाली गंज धरला होता. रंग खरवडून लोखंड चकचकीत केलं, नवा लग बसवला, वरून व्हॅसलीन लावलं. इंजिन आणि चासी यांच्यामध्येही एक वेगळी अर्थ वायर टाकली. जुन्या गाडीच्या विजेचं काम हातात घेणाऱ्याने सुरुवात इथूनच करावी. कॉइल, रेक्टिफायर असल्या महागड्या वस्तूंवर संशय नंतर.

फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली होती. हा उपाय कोकणात काय, सगळ्या देशात चालतो आणि तो घातक आहे. शॉर्ट झाला तर फ्यूजने जळायचं असतं. चांदी जळत नाही, म्हणून वायरिंग जळतं. खरा फ्यूज घातला, चावी फिरवली. काट्याने वजाकडे हिसका दिला आणि फ्यूज उडाला. मग फ्यूजच्या दोन टोकांत बारा व्होल्टचा बल्ब जोडला. टेस्ट लॅम्पची ही जुनी युक्ती अजून कुठल्याही महागड्या यंत्राला हार जात नाही. पॉइंट उघडे ठेवायचे, सगळी बटणं बंद, चावी चालू. बल्ब लख्ख पेटला तर कुठेतरी वायर अंगाला लागलेली आहे. आता एकेक शाखा सोडवत जायचं. हॉर्नची वायर सोडवली आणि बल्ब विझला. हँडल वळताना वायरिंगचा जुडगा जिथे वाकतो, त्या मानेपाशी तिचं आवरण तडकून तांबं उघडं पडलं होतं.

मग आले जोड, आणि सगळ्यात जास्त वेळ त्यांनीच खाल्ला. हेडलाइटच्या आत पितळी जोडांचा गठ्ठा असतो. रबरी नळी मागे सरकवली की हिरवी पूड सांडते. वायर सोलली तर आतल्या तारा काळ्या. काळ्या तारेवर सोल्डर चढत नाही, कितीही फ्लक्स लावा. लाल तांबं दिसेपर्यंत वायर मागे कापत जावं लागतं. कापलेली लांबी त्याच रंगाच्या नव्या वायरने भरून काढायची, जोड दाबून सोल्डर करायचा आणि वर गरम करून आवळणारी नळी चढवायची. नुसती काळी टेप गुंडाळून इथे भागत नाही. दोन पावसाळ्यांत तिचा चिकटा सुटतो आणि आत ओल कोंडते.

पॉइंटांवर करडा थर होता. बारीक पॉलिश पेपरने तो हलकेच काढला, मग पेट्रोलमध्ये भिजवलेला कोरा कागद मधून ओढला आणि फिलर गेजने फट 0.35 ते 0.40 मिलिमीटरच्या दरम्यान बसवली. आता चावी फिरवल्यावर काटा कलला. प्लग काढून सिलिंडरच्या हेडवर टेकवून किक मारली. ठिणगी आली, पण पिवळी, अशक्त, आणि पॉइंटांमध्येच पांढरं चमकलं.

“काका, कंडेन्सर गेलाय,” आमच्यासोबतचा मेकॅनिक म्हणाला.

पॉइंट उघडले की कॉइलमधला करंट एकदम तुटला पाहिजे. तो जितका झटक्यात तुटेल तितका कॉइलमध्ये साठलेला चुंबकीय जोर पलीकडच्या वळणांत हजारो व्होल्ट उभे करतो. पॉइंट उघडत असताना करंटला क्षणभर आसरा देण्याचं काम कंडेन्सरचं. तो मेला की करंट पॉइंटांवरच जळतो आणि प्लगला उपाशी ठेवतो. अगदी स्वस्तातली वस्तू. बदलल्यावर ठिणगी निळी, जाड आली आणि तिचा ‘टक्’ असा आवाज पडवीच्या दारापर्यंत ऐकू गेला.

चार्जिंगचं काम त्या मानाने लवकर झालं. क्रँकच्या टोकाला फिरणारे चुंबक, भोवती तांब्याची वेटोळी, हा अल्टरनेटर. तो प्रायमरी चेनकेसच्या तेलात असतो, त्यामुळे त्याच्या वायरींचं आवरण वर्षानुवर्षांच्या गरम तेलाने कडक होऊन मोडतं. तेवढ्या वायरी बदलल्या. चुंबक आणि वीज यांचं नातं या तालुक्याला नवं नाही. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या करंटने कुलाब्याच्या वेधशाळेतल्या नोंदी बिघडणार, म्हणून पृथ्वीच्या चुंबकत्वाची वेधशाळा 1904 मध्ये अलिबागला आणली गेली. तिथून चौल कितीसं लांब!

इंजिन सुरू झाल्यावर काटा अधिकच्या खुणेकडे सरकला. वेग वाढवल्यावर बॅटरीवर 14 व्होल्टच्या आसपास दिसले, म्हणजे रेक्टिफायरही चांगला.

आता मत सांगतो. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा, असा सल्ला बरेच जण देतात. रोज लांबचा प्रवास असेल तर जरूर बसवा. पण नागावच्या वळणावर बंद पडलेली पॉइंटांची गाडी एका पान्यावर आणि कागदाच्या तुकड्यावर घरी येते, हा तिचा मोठा गुण मला सोडवत नाही. वायरिंगचा मूळ जुडगा मात्र कापून टाकू नका. नवा करावाच लागला तर वायरींचे रंग मूळचेच ठेवा, नाहीतर पुढच्या मेकॅनिकला काहीच वाचता येणार नाही.

कागदांचंही बघावं लागतं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. अलिबाग तालुक्यासाठी पेणचं आरटीओ कार्यालय. पन्नास वर्षांहून जुन्या गाडीसाठी 2021 पासून व्हिंटेज नोंदणीची वेगळी सोय आहे. चौल-रेवदंड्याच्या पडव्यांत अजून अशा गाड्या झावळ्यांखाली उभ्या आहेत. ज्यांच्याकडे आहे त्यांनी पावसाळ्याआधी बॅटरीची ऋण वायर सोडवून ठेवावी, महिन्यातून एकदा बॅटरी चार्ज करावी, आणि भंगारवाल्याला हाक मारण्याआधी अर्थिंगचा तो एक बोल्ट उघडून बघावा.