ज्वारीची पेरणी गावाने एकाच वेळी का करावी?

खरीप ज्वारी केव्हा पेरावी, हे प्रत्येक शेतकरी आपल्यापुरते ठरवितो. परंतु खोडमाशीच्या दृष्टीने सबंध शिवार हे एकच शेत होय.

ही माशी कोवळ्या रोपांच्या पानांखाली अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी पोंग्यात शिरून वाढीचा कोंब खाते व पोंगा वाळतो. यास पोंगेमर म्हणतात. हा धोका मुख्यत्वे उगवणीनंतरच्या पहिल्या चार आठवड्यांत असतो. माशीची एक पिढी सुमारे तीन आठवड्यांत पुरी होते. यावरून असे दिसून येईल की, पेरण्या मागेपुढे झाल्यास आधीच्या शेतात वाढलेल्या माश्यांना शेजारी पुन्हा कोवळी रोपे मिळतात. उशिरा पेरणाऱ्याने मशागत कितीही चांगली केली, तरी अधिक नुकसान त्याच्याच वाट्यास येते. सर्वांनी एकदम पेरल्यास मात्र माश्या वाढेपर्यंत रोपे जून झालेली असतात.

ज्याच्याजवळ स्वतःची तिफण वा ट्रॅक्टर नाही, तोच बहुधा मागे राहतो. म्हणून ग्रामकार्यकर्त्यांनी मृगापूर्वीच बैठक घेऊन अवजारांच्या पाळ्या ठरवून द्याव्यात. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन वापसा येताच पेरणीस प्रारंभ करावा व आठ-दहा दिवसांत ती संपवावी. एकासाठी सर्वांनी खोळंबून राहणे हितावह नाही. त्यास साहाय्य करून बरोबर घेणे हेच सर्वांच्या हिताचे आहे. तरीही कोणास उशीर झाल्यास त्याने बियाणे थोडे अधिक वापरावे आणि विरळणी करताना पोंगेमर झालेली रोपे उपटून नष्ट करावीत.