मृत पती वा पत्नीचे आयकर विवरणपत्र : ते परत का येते व त्यावर उपाय काय

व्यापारी कुटुंबातील कर्त्या पुरुषाचे निधन झाले म्हणजे दुकान, गोदाम, येणी-देणी व बँकेतील ठेवी यांची विवंचना घरातील सर्वांनाच असते. परंतु त्या वर्षाचे आयकर विवरणपत्र, ज्याला आपण बोलताना रिटर्न म्हणतो, ते कोणी व कसे भरावयाचे हा प्रश्न बहुधा मुदत संपत आली असता कोणाच्या तरी ध्यानात येतो. मग ते घाईने भरले जाते आणि आयकर खात्याचे संकेतस्थळ ते स्वीकारत नाही. पुन्हा भरले तरी तोच प्रकार. पत्नीस वाटते की सरकारने आपला अधिकारच नाकारला. वस्तुतः कायद्याने काहीही नाकारलेले नसते. करदाता कोण आणि त्याच्या वतीने सही करणारे कोण, यांची सांगड यंत्राला लागलेली नसते, इतकेच.

पूर्वी कागदी विवरणपत्र कचेरीत नेऊन दिले असता खिडकीवरील कारकून निदान ‘आपण त्यांच्या कोण?’ असे विचारीत असे. आता विचारणारे कोणी नाही. म्हणून ते उत्तर आपणच आधी देऊन ठेवावे लागते, व ते कोणत्या क्रमाने द्यावयाचे हे सभासद बंधुभगिनींस समजावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम कायद्याची बाजू पाहू. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १५९ प्रमाणे मृत व्यक्तीचा कर भरण्याचे दायित्व तिच्या कायदेशीर प्रतिनिधीवर, म्हणजे सामान्यतः वारसावर येते, व त्या कामापुरता तो वारस हाच करदाता समजला जातो. ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या उत्पन्नास हा कायदा लागू आहे. पुढील उत्पन्नास २०२५ चा नवा कायदा लागू होतो, परंतु वारसाच्या जबाबदारीचे तत्त्व त्यातही कायम ठेवलेले आहे. हे दायित्व मृताच्या मालमत्तेतून जेवढे भागेल तेवढ्यापुरतेच असते. पतीच्या करापोटी आपले स्त्रीधन जाईल की काय, ही भीती अनेक भगिनींच्या मनात असते. ती निराधार आहे. मात्र कर देणे बाकी असता वारसाने मृताची मालमत्ता विकली किंवा वाटून टाकली, तर तेवढ्या किमतीपुरती जबाबदारी त्याच्यावर व्यक्तिशः येते. सबब वाटणीची घाई करू नये.

आता यंत्राची बाजू. विवरणपत्र परत येण्याचे सर्वांत मोठे कारण हे की, वारसाची नोंदणी न करताच ते मृताच्या खात्यातून भरले जाते. पतीचा पासवर्ड मुलाला ठाऊक असतो, पतीचा मोबाइल घरात चालू असतो, त्यावर ओटीपी येतो, आणि काम झाले असे वाटते. परंतु मृत माणसाची सही कोणी करू शकत नाही, मग ती शाईची असो वा ओटीपीची. अशा रीतीने एखादे विवरणपत्र यंत्राने स्वीकारले तरी ते कायद्याच्या कसोटीस उतरत नाही, आणि पुढे परताव्याच्या वेळी किंवा नोटिशीच्या वेळी ते अंगाशी येते. जे परत येते त्याचे दुःख करू नये. जे चुकून स्वीकारले जाते तेच अधिक त्रासाचे, असे आमचे मत आहे.

योग्य मार्ग असा. वारसाने आपल्या स्वतःच्या पॅनने संकेतस्थळावर प्रवेश करावा, तेथील ‘ऑथराइज्ड पार्टनर्स’ या सदरातून प्रतिनिधी म्हणून नोंदणीचा अर्ज उघडावा, आणि प्रकार निवडताना ‘मृत (कायदेशीर वारस)’ या अर्थाचा पर्याय निवडावा. सोबत मृताचे व आपले पॅन कार्ड, मृत्यूचा दाखला व वारसाचा पुरावा जोडावा. वारसाचा पुरावा म्हटले की लोक एकदम न्यायालयाचा विचार करतात व वकिलाकडे धाव घेतात. न्यायालयाचा वारस दाखला चालतोच. परंतु महसूल अधिकाऱ्याने दिलेला वारस दाखला किंवा हयात कुटुंबीयांचा दाखला, नोंदणीकृत मृत्युपत्र, सरकारी कुटुंब निवृत्तिवेतनाचा दाखला, इतकेच नव्हे तर मृताच्या खात्याचा नामनिर्देशित किंवा संयुक्त खातेदार कोण होता हे सांगणारे बँकेचे सही-शिक्क्याचे पत्रही चालते. हे शेवटचे साधन सर्वांत सुलभ असून त्याची माहिती फार थोड्यांना असते. पती-पत्नीचे संयुक्त खाते बहुतेक घरांत असते. तेव्हा बँकेत जाऊन पत्र मागावे. वारस अनेक असले, म्हणजे पत्नी, मुलगे, मुली व मृताची आई हयात असली, तर एकाने नोंदणी करावी व इतरांची लेखी संमती घरी ठेवावी.

हा अर्जही काही वेळा नामंजूर होतो, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा नावात असते. आपल्या समाजात माणूस आयुष्यभर ‘अण्णासाहेब’ किंवा ‘बाबूशेठ’ म्हणून ओळखला जातो. पॅनवर एक नाव, मृत्यूच्या दाखल्यावर दुसरे. कोठे ‘शहा’ तर कोठे ‘शाह’, कोठे पित्याचे नाव गाळलेले, कोठे आडनावाऐवजी गावाचे नाव. मृत्यूची नोंद करताना रुग्णालयात किंवा नगरपालिकेत जो कोणी जातो त्याने पॅन कार्ड सोबत न्यावे व त्यावरील नाव अक्षरशः लिहवून घ्यावे, म्हणजे पुढचे अर्धे काम वाचते. नोंद आधीच चुकलेली असेल तर जन्म-मृत्यू निबंधकाकडून ती दुरुस्त करून घेणे हाच खरा उपाय. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत असे प्रतिज्ञापत्र सोबत जोडावे, पण केवळ त्यावर विसंबू नये.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या सभासदांस आणखी एक अडचण येते, ती भाषेची. बेळगावचा दाखला कानडीत, बडोद्याचा गुजरातीत, हैदराबादचा तेलुगूत असू शकतो. अर्ज तपासणारा अधिकारी ती भाषा जाणणारा असेलच असे नाही. अशा दाखल्याचे हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर करून, ते नोटरीकडून प्रमाणित करून मूळ दाखल्यासह जोडावे. मराठी दाखल्यासही हाच नियम समजावा. इंदूर-ग्वाल्हेरकडील बंधूंचा हिंदी दाखला मात्र तसाच चालतो.

नोंदणी मंजूर झाल्यावर वारसाने आपल्याच खात्यातून मृताच्या खात्याकडे वळावयाचे असते व विवरणपत्र तेथून भरावयाचे असते. येथे दुसरी चूक होते. सी.ए.च्या कचेरीतील सॉफ्टवेअरमध्ये मागील वर्षीची माहिती जशीच्या तशी येते, आणि शेवटच्या पडताळणीच्या भागात मृताचेच नाव व पॅन राहून जातात. तेथे वारसाचे नाव, वारसाचा पॅन व ‘प्रतिनिधी’ ही भूमिका हवी. आणि विवरणपत्र प्रतिनिधीकडून भरले जात आहे काय, या आरंभीच्या प्रश्नास ‘होय’ असे उत्तर हवे. या दोन जागा जुळल्या नाहीत की फाइल परत आलीच. ई-पडताळणीही वारसाच्या आधार ओटीपीने किंवा त्याच्या डिजिटल सहीने करावी, व ती विवरणपत्र भरल्यापासून ३० दिवसांच्या आत करावी. मृताचा पॅन रद्द करून घेण्याची घाई अनेक जण करतात. विवरणपत्र भरून परतावा हाती येईपर्यंत तसे मुळीच करू नये, कारण पॅन बंद झाला की सारी वाटच बंद होते. ज्या बँक खात्यात परतावा यावयाचा ते खाते आधीच बंद केल्यासही पैसे परत जातात.

यानंतर आकड्यांचा प्रश्न येतो, व तो नीट समजून घेण्याजोगा आहे. मृताच्या विवरणपत्रात १ एप्रिलपासून मृत्यूच्या दिवसापर्यंतचेच उत्पन्न दाखवावयाचे असते. वर्ष अपुरे असले तरी करमुक्त मर्यादेचा लाभ पूर्ण मिळतो. समजा, ३० सप्टेंबर रोजी निधन झाले व ठेवींवरील वर्षाचे व्याज १,२०,००० रुपये आहे. ढोबळमानाने ६०,००० रुपये मृताचे व उरलेले ६०,००० ज्या वारसाकडे ठेवी आल्या त्याचे. परंतु बँकेला कोणी कळविलेच नाही तर ती संपूर्ण १,२०,००० रुपये मृताच्या पॅनवर दाखविते व १२,००० रुपये कर त्याच पॅनवर कापते. मग विवरणपत्रातील आकडा व खात्याच्या नोंदीतील आकडा जुळत नाहीत, आणि नोटीस येते. उपाय असा की, मृत्यूचा दाखला मिळताच बँक, कंपन्या व भाडेकरू यांस लेखी कळवून पुढील उत्पन्न वारसाच्या पॅनवर वळवावे. तरीही घोळ झालाच तर करकपातीच्या तक्त्यात दुसऱ्या व्यक्तीच्या उत्पन्नाशी संबंधित कर त्या व्यक्तीच्या नावे दाखविण्यासाठी रकाना आहे. त्यात वारसाचा पॅन लिहून ६,००० रुपये तिकडे द्यावेत. वार्षिक माहितीपत्रकातही ही रक्कम दुसऱ्या पॅनची आहे असा अभिप्राय नोंदविता येतो.

गोव्यातील सभासदांसाठी येथे विशेष सांगावयाचे आहे. तेथील दांपत्यांत संपत्तीची समाईक मालकी चालते, व कलम ५-अ अन्वये पगाराखेरीज इतर उत्पन्न पती व पत्नी यांच्यात निम्मे निम्मे वाटून दोघांच्या विवरणपत्रांत दाखविले जाते. मृत्यूने ही समाईकता संपते. त्यामुळे मृत्यूच्या दिवसापर्यंतचे उत्पन्न निम्मे निम्मे, व त्यानंतरचे प्रत्येकाच्या हक्काप्रमाणे, असे दोन भाग करावे लागतात. पत्नीने सवयीने संपूर्ण वर्षाचे उत्पन्न निम्मे केले, तर दोन्ही विवरणपत्रे एकमेकांस छेद देतात. दोन्ही एकाच हाताने व एकाच बैठकीत तयार करावीत.

हिंदू अविभक्त कुटुंबाची फाइल असल्यास तेथे वारस नोंदणी करू नये. कर्ता मरतो, कुटुंब मरत नाही. पॅन तोच राहतो व नव्या कर्त्याचे नाव लावून घ्यावे लागते. विधवा पत्नी सहदायाद नसल्याने ती कर्ता होऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्येच ठरविले आहे. २००५ च्या दुरुस्तीने मुलगी मात्र सहदायाद झाली असून, ती ज्येष्ठ असल्यास कर्ता होऊ शकते असा दिल्ली उच्च न्यायालयाचा २०१५ चा निर्णय आहे.

इतका खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. व्यापाऱ्याच्या दृष्टीने उत्तर सरळ आहे. मृताच्या धंद्यात तोटा झालेला असेल व धंदा वारसाने वारसाहक्काने पुढे चालविला असेल, तर तो तोटा वारसास पुढील वर्षांत वजा करून घेता येतो. पण त्यासाठी मृताचे विवरणपत्र मुदतीत भरलेले असावे लागते. वारस नोंदणीस काही दिवस लागतात. मुदतीच्या आदल्या आठवड्यात अर्ज करणाऱ्याचा हा हक्क अर्ज मंजूर होईपर्यंत निघून गेलेला असतो.

एकट्याच्या मालकीच्या दुकानाचा वस्तू व सेवा कराचा क्रमांकही याच अडचणीत सापडतो. तो क्रमांक मालकाच्या पॅनवर असल्यामुळे वारसास चालविता येत नाही. वारसाने ‘मालकाचा मृत्यू’ हे कारण देऊन नवी नोंदणी घ्यावी, जुन्या खात्यातील शिल्लक कर-जमा आयटीसी-०२ या नमुन्याने नव्या खात्यात न्यावी, व त्यानंतरच जुना क्रमांक रद्द करण्याचा अर्ज करावा. २८ मार्च २०१९ च्या परिपत्रकात केंद्रीय मंडळाने हे स्पष्ट केले आहे. जुन्या खात्याचा मोबाइल क्रमांक बंद झाला असल्यास दाखले घेऊन आपल्या विभागाच्या कर अधिकाऱ्याकडे जावे. तो बदलून देण्याची सोय त्यांच्याकडे आहे. क्रमांक आधी रद्द झाला तर गोदामातील मालावरची कर-जमा नव्या खात्यात नेणे दुरापास्त होते, म्हणून हा क्रम उलटू देऊ नये.