जीप कोणत्या सालची? आधी आरसी बुक उघडा

20 वर्षांवरच्या मोटारीच्या फेरनोंदणीचं शुल्क केंद्राने ऑगस्ट 2025 मध्ये 10,000 रुपयांवर नेलं आणि जुनी जीप घेऊ पाहणाऱ्यांनी आकडेमोड सुरू केली. ती निम्म्यावरच थांबते. नूतनीकरण पाच वर्षांसाठी असतं, म्हणजे वर्षाला 2,000 रुपये; जीप पाळणाऱ्याला एवढा खर्च जड नाही. जड जाते ती धाराशिवच्या आरटीओत होणारी तपासणी. परंड्यातल्या गिऱ्हाइकाने साल निवडायचं ते शुल्काकडे बघून नव्हे, कागद आणि गाडी जुळते का ते बघून.

महिंद्राने 1947 पासून आपल्याकडे विलीज जीप जोडायला सुरुवात केली. पुढे आलेल्या सीजे-3बीचं बॉनेट उंच, कारण त्याखालचं हरिकेन पेट्रोल इंजिनच उंच. शौकिनांचा जीव या बॉनेटवर, पण पेट्रोल परवडेना तेव्हा गॅरेजवाल्यांनी यातल्या कितीतरी जीपमध्ये डिझेल इंजिन बसवलं. आरसीवर पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल असेल, तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं. मूळ रचनेतल्या बदलांबाबत सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये कडक भूमिका घेतली. ‘तालुक्यात कोण बघतंय?’ असं कुणी म्हणेल. रोज कुणी बघत नाही हे खरंच, पण अपघात झाला की विमा कंपनी बघते. मग 50 वर्षं ओलांडलेली जीप ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवावी का? 2021 च्या नियमांनी ती सोय दिली, 20,000 रुपये शुल्क आणि ‘व्हीए’ क्रमांकासह. मात्र तशी नोंद घेतली की गाडी प्रदर्शनाला, रॅलीला न्यायची. रोज शेतावर नाही. शिवाय गाडी मूळ रूपात हवी, म्हणजे इंजिन बदललेली इथेही बाद.

म्हणून आमचं मत ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या एमएम 540 ला. तिच्यातलं 2112 सीसीचं प्यूजो डिझेल कारखान्यातूनच आलेलं, त्यामुळे आरसीशी भांडण नाही, आणि त्या पिढीच्या जीपवर हात बसलेले मिस्त्री अजून सापडतात. फक्त पुढच्या चाकांमध्ये डिफरन्शिअलचं हौसिंग आहे ना, हे वाकून बघावं. जीपसारखी दिसणारी प्रत्येक गाडी फोर बाय फोर नसते, आणि परंड्याच्या काळ्या चिखलात नुसती मागची दोन चाकं जागेवरच फिरत राहतात. सप्टेंबर 2025 च्या सीनेच्या पुरानंतर आणखी एक काम वाढलं आहे. त्या हौसिंगचा खालचा बोल्ट सैल करून थोडं ऑइल सांडू द्यावं; ते दुधाळ चहासारखं निघालं, तर आत पाणी गेलंय. बेअरिंग आणि सील बदलण्याचा खर्च सौद्यातच वळता करून घ्यावा.

जिप्सीचे चाहते इथे हरकत घेतील, आणि चिखलापुरती ती रास्त आहे: गाडी हलकी, सहसा रुतत नाही. मात्र घ्यायचीच तर 2000 नंतरची, 80 अश्वशक्तीची एमपीएफआय घ्यावी. 1985 च्या पहिल्या जिप्सीचं 970 सीसी इंजिन चार माणसं आणि खताची पोती घेऊन चढ चढताना दमतं.