दोन वर्षं गाळात, दोन दिवस हवेत

‘मेफ्लाय नावाचा किडा एकच दिवस जगतो, हे खरं का?’ असं एका वाचकाने विचारलं आहे. सामान्यज्ञानाच्या पुस्तकांचं हे लाडकं वाक्य, आणि ते जवळजवळ चूकच आहे.

आयर्लंडच्या पश्चिमेला कॉरिब आणि मास्क ही चुनखडीच्या प्रदेशातली मोठी सरोवरं आहेत. त्यांच्या तळच्या गाळात ‘इफेमेरा डॅनिका’ जातीच्या मेफ्लायचं पिल्लू बीळ करून साधारण दोन वर्षं राहतं. कल्ल्यांनी श्वास घेतं, गाळातले सेंद्रिय कण खातं, पुन्हा पुन्हा कात टाकतं. मे महिन्यात ते पोहत वर येतं, पाठ उकलते आणि पंखवाला किडा हवेत उठतो. आता खाणं कायमचं बंद, कारण तोंड निकामी झालेलं असतं. उरतात ते विणीचे मोजके दिवस. (आपल्याकडे पहिल्या पावसात दिव्यावर झेपावतात त्या पंखवाल्या वाळव्या, त्यांचं कूळ वेगळं.)

खरी गंमत पुढेच आहे. पंख फुटल्यावर इतर कोणताही कीटक कात टाकत नाही. मेफ्लाय टाकतो, तीही पंखांसकट! पाण्यातून निघतानाचे पंख धुरकट, केसाळ आणि पाणी झटकणारे असतात. काठावरच्या झाडापर्यंत रेनकोट घालून यावं आणि तिथे तो उतरवून ठेवावा, तसा हा प्रकार. आत लकाकते, पारदर्शक पंख तयार असतात. मग संध्याकाळी नरांचे थवे झाडांच्या आडोशाला वर-खाली नाचतात. मादी पाण्यावर हजारो अंडी सोडते आणि पंख पसरून तिथेच मरून पडते.

आयरिश गळवाल्यांकडे या अवस्थांना वेगवेगळी नावं आहेत: कात टाकण्याआधीचा ‘ग्रीन ड्रेक’, अंडी घालून संपलेली ‘स्पेंट नॅट’. ट्राउट मासा ज्या वेळी जे खातो, त्याच रूपाची पिसा-दोऱ्यांची माशी गळाला बांधायची, यातच सगळं कसब. ‘डॅपिंग’ नावाच्या पद्धतीत मात्र जिवंत मेफ्लायच लावतात: लांब काठी, रेशमी धाग्यांची हलकी दोरी, वाऱ्यावर वाहू दिलेली होडी, आणि किडा लाटेला जेमतेम टेकलेला. एरवी खोल पाण्यात राहणारे मोठे ट्राउटही या दिवसांत बेसावध होतात. म्हणून या काळाला ‘नवशिक्यांचा पंधरवडा’ म्हणतात. आयर्लंडच्या जे. आर. हॅरिस यांनी 1952 मध्ये गळवाल्यांसाठी कीटकशास्त्राचं पुस्तक लिहिलं. त्यांचं नाव गळवाल्यांच्या बाहेर फारसं घेतलं जात नाही, याचं मला वाईट वाटतं. गळ टाकणाऱ्याचं निरीक्षण किती बारीक असू शकतं, याचा ते पुस्तक नमुना आहे.

आता त्या दोन वर्षांकडे परत येऊ, कारण धोका तिथेच आहे. 1970 च्या दशकात आयर्लंडमधल्याच शीलिन सरोवराच्या परिसरातल्या वराहपालनाचं मलमूत्र पाण्यात उतरलं, शेवाळ माजलं आणि मेफ्लाय रोडावला. गाळातला प्राणवायू संपला की पिल्लू गुदमरतं. त्यामुळे एखाद्या मे महिन्यात सरोवरावर थवे दिसले नाहीत, तर त्याचं कारण त्या महिन्याच्या हवेत सापडेलच असं नाही. आधीच्या दोन वर्षांत तळाशी काय साचलं, तेही तपासावं लागतं.